सुपरटन साहेबांना मोटार लागते

आमच्या मोटार कंपनीच्या सुपरिंटेंडंट साहेबांना मोटार लागत असे. ही गोष्ट अमरावतीच्या ऑफिसातल्या चपराशापासून अकोल्याच्या डेपोतल्या मिस्त्रीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. ती सगळ्यांना ठाऊक आहे, एवढं मात्र एकट्या साहेबांना ठाऊक नव्हतं. आपलं हे दुखणं घराबाहेर कोणाला माहीत नाही, अशा समजुतीत त्यांनी वऱ्हाडातल्या निम्म्या सडकांवर मोटारी सुरू केल्या.

सुपरिंटेंडंट हा शब्द आमच्याकडे कोणाच्या तोंडात नीट बसला नाही. ड्रायव्हर मंडळींनी त्याचं 'सुपरटन' केलं आणि खेडोपाडी तेच चाललं. त्यांचं खरं नाव ऑफिसच्या दारावर रंगवलेलं होतं, पण ते वाचून कोणी आत आल्याचं मला आठवत नाही. लोक खालूनच विचारत, "सुपरटन सायेब हायेत काय जी?" आणि साहेब वरून स्वतःच उत्तर देत, "आहे, ये."

मी मॅट्रिक होऊन कंपनीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा आमच्या मुलुखाचं नाव मध्यप्रांत आणि वऱ्हाड असं जोडीचं होतं. राजधानी नागपूरला होती आणि मोटार ही वस्तू लोक अजून हात लावून बघत. ऑफिस अमरावतीच्या राजापेठेत, सरकी-ढेपेच्या एका दुकानाच्या माडीवर होतं. खालून ढेपेचा वास, मागच्या आवारातून पेट्रोलचा वास, आणि या दोन्हींच्या मध्ये आमचे साहेब. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, धोतर, बगलेत छत्री. कोटाच्या खिशात लिंबू. कागदावर सही करायची तरी आधी लिंबू नाकाशी धरत, कारण कागद आवारातून आलेला असला की त्यालाही पेट्रोलचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं. गावचे ते दर्यापूरकडचे, काळ्या जमिनीतले शेतकरी. मॅनेजर साहेबांशी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, मध्येमध्ये इंग्रजी घालत. पण चिडले, खूश झाले किंवा खरं बोलायची वेळ आली, की तोंडातून वऱ्हाडी निघे.

सुरुवातीला कंपनीच्या तीनच मोटारी होत्या आणि त्या फक्त अमरावती-परतवाडा धावत. मग कंपनी हातपाय पसरू लागली. त्या काळी एकेका सडकेवर एकेक माणूस एकेक मोटार चालवी. मालक तोच, ड्रायव्हर त्याचा मेहुणा, आणि पुढच्या बाकावर कायम त्याचा कोणीतरी काका फुकट बसलेला. कंपनीने अशा मोटारी विकत घ्यायला सुरुवात केली आणि मालकांची मनं वळवायचं काम साहेबांकडे आलं.

दर्यापूरच्या एका मालकाला मोटार द्यायची होती, पण मन धजत नव्हतं. तो मोटारीच्या मडगार्डला हात लावून उभा राहिला आणि एकदम रडायलाच लागला. मोटारीच्या मागे त्याने 'मामाची कृपा' असं लिहून घेतलं होतं, कारण मोटार मामाच्या मदतीने घेतलेली. कंपनीचा नियम असा, की आलेली प्रत्येक मोटार आधी हिरवी करायची आणि तिला नंबर द्यायचा. साहेबांनी थोडा वेळ त्याचं रडणं ऐकलं. म्हणाले, "मोटार हिरवी होईन. मामा राहीन तिथंच." पेंटरला त्यांनी मागची फळी सोडायला सांगितली.

ही बातमी पसरली. पुढे मोटार देणारा प्रत्येक जण आधी फळीची अट घालू लागला. वर्षभरानंतर मॅनेजर साहेबांनी आवारात मोटारी ओळीने उभ्या करून घेतल्या, तर समोरून सगळ्या एकसारख्या हिरव्यागार आणि मागून कोणावर 'मामाची कृपा', कोणावर 'जलने दे दुनिया', कोणावर 'सासू सुखी तर जग सुखी'. मॅनेजर साहेबांनी याचा खुलासा मागितला. साहेब शांतपणे म्हणाले, की पेंटरला हिरवा रंग कमी पडला.

मोटारीत न बसता मोटारींचा कारभार करणं सोपं नसतं. साहेबांनी त्यासाठी स्वतःची एक रीत बसवली होती. मोटार आवारात उभी असताना ते तिच्यात चढत आणि प्रत्येक जागेवर जाऊन डोळे मिटून बसत. कुठली फळी बोचते, कुठे खिळा वर आला आहे, कुठे खिडकीतून धूळ येईल, सगळं सांगत. ड्रायव्हरने हँडल मारायला घेतलं की छत्री उचलून खाली उतरत. त्यामुळे मॅनेजर साहेबांनी विचारलं, तर कंपनीच्या एकूण एक मोटारीत आपण बसलो आहोत, असं ते छातीवर हात ठेवून सांगू शकत. ते खोटं नव्हतं.

सडकांची तपासणी ते दमणीतून करत. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. मोटार सकाळी निघून दुपारी पोचायची असेल, तर साहेब आदल्या दिवशीच दमणी जुंपून निघत. वाटेत कंपनीचीच मोटार भोंगा वाजवत, धुरळा उडवत त्यांच्या बाजूने जाई. आतली माणसं वाकून बघत. कंपनीचा साहेब बैलगाडीत आणि गावचा न्हावी कंपनीच्या मोटारीत, हे त्यांना एखाद्या तमाशासारखं वाटे. साहेब मात्र घड्याळ काढून त्या ड्रायव्हरचा वेग बघत आणि संध्याकाळी त्याला गाठून खडसावत. नव्या ड्रायव्हरांना ते सांगत, "आपल्या गाडीले घोडा नाही जुंपला, मान्सं बसवले आहेत. घाई असन त एकटाच पळ."

मॅनेजर साहेब कधी म्हणाले, चला, आज सोबत मोटारीनेच जाऊ, तर साहेबांकडे कारण तयार असे. कधी एकादशी, कधी गुडघा. एकदा काहीच सुचलं नाही तेव्हा ते म्हणाले, की मोटारीत बसलं की माणसाला सडक दिसत नाही, फक्त गाव दिसतं. मॅनेजर साहेबांना हे फार आवडलं. त्यांनी ते नागपूरला एका सभेत स्वतःचं म्हणून सांगितलं.

पण गंमत अशी, की ते कारण खरं होतं. दमणीतून जाणाऱ्या माणसाला जे दिसतं ते आम्हाला कोणाला दिसत नव्हतं. एकदा नव्या सडकेवर थांबे कुठे करायचे, हा प्रश्न आला. मॅनेजर साहेबांनी नकाशा घेतला, पट्टी ठेवली आणि दर दोन मैलांवर लाल टिंब दिलं. साहेबांनी नकाशा घडी करून खिशात घातला आणि मला घेऊन ते बाजाराच्या दिवशी पहाटेच एका माळ्यांच्या खेड्यात गेले. तिथून बायका वांगी, मेथी, झेंडू डोक्यावर घेऊन बाजाराला निघतात. आम्ही त्यांच्या मागे चालत निघालो. थोड्या वेळाने एका बाईने चिंचेखाली टोपली उतरवली, तशा बाकीच्यांनीही उतरवल्या. साहेबांनी मला तिथे खुंटी ठोकायला सांगितली. पुढे एका विहिरीपाशी पुन्हा टोपल्या उतरल्या. पुन्हा खुंटी. बायकांना वाटलं आम्ही जमीन मोजणारे सरकारी लोक आहोत. त्यातली एक म्हातारी मला दरडावून विचारू लागली, की आमच्या इसाव्याच्या जागेवर सरकारचा डोळा काहून.

साहेबांनी तिला समजावून सांगितलं. म्हणाले, "माय, जिथं तू टोपली उतरवतं, तिथं आमची मोटार थांबन." म्हातारीने जरा विचार केला. मग तिने साहेबांना सोबत पुढे नेलं आणि आणखी एक जागा दाखवली, जिथे चढ असल्यामुळे दम लागतो, पण सावली नाही म्हणून कोणी थांबत नाही. तिथेही खुंटी ठोकली.

त्या नकाशावर आमचे थांबे कसेही विखुरलेले होते. दोन जवळजवळ, मग तीन मैल काहीच नाही. मॅनेजर साहेबांनी कपाळाला हात लावला. पण त्या सडकेवर मोटार पहिल्या दिवसापासून भरून येऊ लागली आणि मग त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता वरूडच्या सडकेचं सांगतो, कारण साहेब अमरावतीतून गेले ते त्या सडकेपायी.

अमरावतीहून मोर्शीवरून वरूडला जाणारी ती सडक कंपनीला फार दिवसांपासून हवी होती. तिकडे संत्र्यांच्या बागा, व्यापारी, बाजार. पण त्या सडकेवर सगुणाबाई नावाच्या बाईची एक मोटार चाले. सगुणाबाई वरूडकडची माळीण. नवऱ्याने बागेचा माल नेण्यासाठी एक जुनी मोटार घेतली होती, तो गेल्यावर बाईने ती विकली नाही. मागे संत्र्यांच्या टोपल्या, टोपल्यांच्या मध्ये माणसं, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी नऊवारीचा काष्टा घट्ट मारून स्वतः बाई. तिचा ड्रायव्हर सांगे, की मोटार आपण चालवतो खरी, पण ब्रेक बाईच्या तोंडात आहे. सडकेवर कोणी हात केला की ती म्हणे, "थांब," आणि मोटार थांबे.

त्या सडकेची पाहणी करायला साहेब दमणीतून निघाले. सोबत मी होतो. माहुलीच्या पुढे एका बैलाच्या खुरात दगड गेला आणि तो लंगडायला लागला. चैत्राची दुपार, जवळपास झाड नाही. गाडीवान बैलाला सोडून बसला. तेवढ्यात मागून सगुणाबाईची मोटार आली. बाईने "थांब" म्हटलं.

साहेबांनी आढेवेढे घेतले. आपण चालत जाऊ, असंही म्हणून पाहिलं. बाई म्हणाली, की या उन्हात चालत गेलात तर मोर्शीला तुमची टोपीच पोचेल. मग काही इलाज राहिला नाही. आम्ही मागे टोपल्यांत बसलो. साहेबांनी खिशातून लिंबू काढलं, नाकाला लावलं आणि डोळे मिटून घेतले. मैलभर गेल्यावर त्यांचा चेहरा पिकल्या पानासारखा पिवळा झाला. ते मला म्हणाले, "बाबू, मी जरा रस्ता पाहून येतो." मोटार थांबवली, उतरले आणि एका बाभळीमागे गेले. मी आज्ञाधारकपणे दुसरीकडे बघत राहिलो.

असा त्यांनी मोर्शीपर्यंत चार वेळा रस्ता पाहिला. दुसऱ्या वेळी सगुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन खाली उतरली. तिसऱ्या वेळी तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि संत्र्याची साल हुंगायला दिली. मोटारीतली माणसं उन्हात खोळंबली होती, पण कोणी कुरकुर केली नाही. बाईसमोर कुरकुर करायची पद्धत नव्हती. मोर्शीला तिने साहेबांना एका ओसरीवर आडवं केलं, ताक पाजलं आणि मग पुढे गेली. साहेब बऱ्याच वेळाने उठून बसले. मला म्हणाले, की संत्र्याच्या वासाने आज जरा डोकं चढलं. मी म्हणालो, होतं असं कधी कधी.

पुढे दोन महिन्यांनी कंपनीने त्या सडकेच्या परवान्यासाठी अर्ज केला. सगुणाबाईनेही केला. परवाना एकालाच मिळणार होता. बाईला मिळाला नाही तर तिची मोटार दारात उभी राहणार होती आणि बागेचा माल पुन्हा बैलगाडीवर येणार होता. कंपनीने नागपूरहून मोठा वकील आणला. बाई एकटीच आली. वकील काहून नाही केला, असं कोणी विचारलं तर म्हणाली, मला बोलता येतं.

कचेरीत सुनावणी होती. तिथला साहेब नवा, तरुण, गोरा. त्याने मराठीची परीक्षा पास केली होती आणि त्याचा त्याला एवढा अभिमान होता, की दुभाष्याला तो खोलीत उभं राहू देत नसे. साक्षीदार मराठीत बोले, साहेब मान हलवून ते स्वतःच इंग्रजीत करी आणि शेजारच्या टंकलेखकाला सांगे. त्याची मराठी पुस्तकातली होती. चूक झाली तरी सांगायची कोणाची छाती नव्हती.

आमच्या वकिलाने तासभर भाषण केलं. कंपनीकडे किती मोटारी, किती मिस्त्री, अकोल्याकडे कंपनीचीच आगगाडीची छोटी लाईन, एका तिकिटावर मोटार आणि रेल्वे दोन्ही. मग सगुणाबाई उठली. तिने पदर सावरला आणि एवढंच म्हणाली, की कंपनीच्या मोटारी चांगल्या असतील, पण कंपनीचाच सुपरटन सायेब त्या धावत असताना कधी त्यांत बसत नाही. तो बसला तो माझ्या मोटारीत.

खोलीत हालचाल झाली. गोऱ्या साहेबाने आमच्या साहेबांकडे पाहून विचारलं, "हे सत्य आहे काय?"

साहेब म्हणाले, "सत्य आहे."

"आपण आपल्या कंपनीच्या धावत्या मोटारीत कधीच बसला नाहीत? का?"

साहेब उत्तर देईनात. मी मागच्या बाकावर होतो, मला त्यांचा कान दिसत होता. तो लाल झाला होता. मॅनेजर साहेब त्यांच्याकडे बघत होते. मला वाटतं त्याच क्षणी त्यांना पहिल्यांदा ती एकादशी आणि तो गुडघा आठवला असावा. उत्तर न देण्याचा अर्थ उघड होता. कंपनीच्या मोटारी धोक्याच्या आहेत हे त्यांच्याच माणसाला माहीत आहे, असाच तो निघणार.

सगुणाबाईला ही शांतता सहन झाली नसावी. ती म्हणाली, "त्यायले काहून छळता सायेब. त्यायले मोटार लागते."

गोरा साहेब ताठ बसला. "मोटार लागली? कोठे लागली?"

"माहुलीच्या पुढं."

"फार लागली?"

"भल्ली लागली. मोर्शीपावतर चार डाव उलटी झाली."

साहेबाची लेखणी थांबली. "मोटार चार वेळा उलटी झाली?"

"मोटारीपायीच झाली ना," बाई म्हणाली. "चार डाव."

"आणि पुनः सुलटी कोणी केली?"

बाईला हा प्रश्न थोडा चमत्कारिक वाटला असावा, पण साहेब लोक असंच बोलतात म्हणून तिने सरळ उत्तर दिलं. "मीच केलं समदं. पाठीवर हात फिरवला, पाणी पाजलं."

गोरा साहेब तिच्या हातांकडे काही वेळ आदराने बघत राहिला. मग तो टंकलेखकाकडे वळला आणि इंग्रजीत सांगू लागला, की अर्जदार बाईच्या मोटारीने माहुलीपुढे कंपनीच्या सुपरिंटेंडंटला धडक दिली, त्यानंतर ती मोर्शी येईपर्यंत चार वेळा उलटली, आणि मालकिणीने प्रत्येक वेळी ती एकटीने सरळ केली, हे तिला स्वतःला कबूल आहे.

सगुणाबाईला इंग्रजी येत नव्हतं. आपलं म्हणणं साहेबाला पटलं, असं समजून ती मान हलवत होती. आमच्या वकिलाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मॅनेजर साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. काही करायची गरजच नव्हती. चार वेळा उलटलेल्या मोटारीला जगात कोणी परवाना दिला नसता, आणि आपल्या मोटारीत का बसत नाही या प्रश्नाचं उत्तरही आता कोणी मागणार नव्हतं. साहेबांचं गुपित गुपितच राहत होतं.

साहेब उठून उभे राहिले. वकिलाने त्यांच्या कोटाची बाही धरून खाली ओढली. साहेबांनी बाही सोडवून घेतली.

ते इंग्रजीत बोलले. मोटारीने मला धडक दिली नाही आणि ती उलटलीही नाही, असं म्हणाले. मोटार अगदी ठीक होती. उलटी मला झाली. मोटारीत बसलं की माझं पोट ढवळतं. लहानपणापासून दमणीत कधी झालं नाही, पण मोटारीत होतं. आपली मोटार असो की परकी. म्हणून मी बसत नाही. दुसरं काही कारण नाही. बाईने मला उन्हातून उचललं, चार वेळा मोटार थांबवली आणि मला पाणी दिलं.

एवढं बोलून ते थांबले आणि हळूच मागे वळून पाहिलं. आता सगळी खोली हसेल, अशी त्यांची तयारी असावी. मागे आमचे ड्रायव्हर होते, मिस्त्री होते, दोन-तीन कारकून होते. कोणी हसलं नाही. कोणाच्या चेहऱ्यावर आश्चर्यही उमटलं नाही. 'मामाची कृपा'चा ड्रायव्हर तर घरातल्या म्हाताऱ्याचं दुखणं ऐकावं तशी मान हलवत होता. साहेबांनी एकेकाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली पाहिलं. तेव्हा त्यांना सगळं कळलं.

हसला तो फक्त गोरा साहेब. पण आधी स्वतःला हसला. त्याने तो कागद टंकयंत्रातून काढून फाडायला लावला, डोळे पुसले आणि आमच्या साहेबांना म्हणाला, की आज या खोलीत स्वतःच्या तोट्याचं बोलणारे तुम्ही एकटेच भेटलात, तर आता हेही सांगा, ही सडक कोणाला द्यावी. आमचा वकील हरकत घ्यायला उठला. साहेबाने त्याला हाताने बसवलं.

साहेबांची पुस्तकी मराठीही सुटली आणि इंग्रजीही. ते म्हणाले, "सडक कंपनीले द्या. मोटारी तिच्यापाशी आहेत, रोज दोन फेऱ्या करन. पण बागायच्या आतल्या गावात आमची मोटार जानार नाही, आन् गेली तरी थांबनार नाही. हे बाई थांबते. माह्यासाठी चार डाव थांबली."

निकाल तसाच लागला. अमरावती-वरूड सडक कंपनीला, आणि बागांच्या आतली गावं व वरूडचा बाजाराचा दिवस सगुणाबाईला. तिची मोटार आतल्या गावांतून माणसं आणून आमच्या मोटारीला देई. पुढे तिने दुसरी मोटारही घेतली. त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात ती साहेबांना भेटली तेव्हा मला वाटलं काही मोठं बोलेल. ती म्हणाली, की जेवल्याबरोबर मोटारीत बसत जाऊ नका, आणि निघून गेली.

मॅनेजर साहेबांना निम्मा बाजार गेल्याचं दुःख नव्हतं. आपल्याच माणसाने आपल्याच वकिलासमोर उठून ते दिलं, याचं होतं. आठवडा झाला नाही तोच साहेबांची बदली अकोल्याकडे झाली, छोट्या लाईनवर. एक इंजिन, चार डबे आणि चालणाऱ्या माणसाला मागे टाकेल की नाही अशी गती. कंपनीत ज्याच्यावर राग असे त्याला तिकडे पाठवत. आम्ही सगळे स्टेशनवर पोचवायला गेलो. बायकांनी डबे दिले, ड्रायव्हरांनी हार घातले. साहेब कोणाच्या नजरेला नजर देईनात. गाडी हलल्यावर मात्र त्यांनी खिडकीतून मला हाक मारून विचारलं, "बाबू, तुले पहिल्यापासूनच ठाऊक होतं काय?" मी होय म्हणालो. त्यावर त्यांनी काय उत्तर दिलं ते इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही.

त्यांच्यामागे कंपनीने आणखी चार सडका सुरू केल्या. त्यातल्या तीन बुडाल्या. मोटारी रिकाम्या जात आणि रिकाम्या येत. कंपनीला बुलढाणा, यवतमाळपर्यंत जायचं होतं आणि जायची वाट कोणाला सापडत नव्हती. वर्षभराने मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. राग विरला होता. त्यांनी एक पत्र दिलं. साहेबांनी परत यावं, साऱ्या वऱ्हाडाच्या सडका त्यांच्या हाती देऊ, हुद्दा मोठा देऊ, आणि मान म्हणून फिरायला स्वतंत्र मोटार देऊ, असं त्यात होतं. मोटारीचा मजकूर मॅनेजर साहेबांनी, कचेरीतलं सगळं विसरून, मोठ्या प्रेमाने घातला होता.

मी अकोल्याच्या ऑफिसात गेलो तर खुर्ची रिकामी. चपराशी म्हणाला, साहेब गाडीत असतील, ते रोज गाडीतच असतात. मी छोट्या गाडीच्या स्टेशनवर गेलो. पहिल्या वर्गात नव्हते, गार्डाच्या डब्यात नव्हते. ते तिसऱ्या वर्गात मधल्या बाकावर सापडले. एका बाजूला कापसाच्या बाजाराला निघालेले शेतकरी, दुसऱ्या बाजूला लग्नाला निघालेलं सगळं घर. साहेबांच्या हातात कोणीतरी दिलेली भाकर आणि तिच्यावर ठेचा होता. गाल भरले होते, रंग चांगला तांबूस आला होता. आगगाडीत त्यांना काहीच होत नव्हतं, हे त्यांनी मोठ्या अपूर्वाईने मला सांगितलं. आयुष्यात कधी स्वस्थ बसून आगगाडीचा प्रवास केला नाही म्हणून त्यांना ते माहीतच नव्हतं.

गाडी सुटली तसं मी त्यांच्या शेजारी बसून पत्र दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं. मोटारीच्या ओळीपाशी आल्यावर नुसतेच हसले. मग पत्राची घडी करून माझ्याच हातात दिली. मी त्यांना समजावू लागलो. कंपनी अडली आहे, लोक तुमची वाट बघतात, मोटारीत बसायची सक्ती नाही, दमणी ठेवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाबू," ते म्हणाले, "मी जल्मभर लोकायले गाडीत बसवलं आन् सोता खाली उभा राह्यलो. गाडी निघाली का मी मांगं. आतल्या मान्सायचं बोलनं काय, हासनं काय, मले कधी ऐकूच आलं नाही. आता बसाले भेटलं आहे, त बसू दे."

मी पत्र खिशात ठेवलं. तेवढ्यात गाडी एका लहानशा स्टेशनावर थांबली आणि एक धिप्पाड बाई दोन्ही हातांत गाठोडी घेऊन आत शिरली. तिने डब्यावर नजर फिरवली, कंपनीच्या सुपरिंटेंडंट साहेबांना गुडघ्याने ढोसलं आणि म्हणाली, "सरका ना वो बुवा, गाडी काय तुमच्या बापाची आहे?"

साहेब झटकन सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता.

"बाबू," ते मला म्हणाले, "तूबी सरक."